शीलाच्या मापाचा स्टँड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. अंबरनाथच्या एका औद्योगिक गाळ्याबाहेर, गटाराच्या कठड्याला टेकून पडलो आहे. माझ्या माथ्यावरच्या प्लेटला चार भोकं आहेत. त्यांत एके काळी ग्राइंडरचे बोल्ट होते. आता त्यांतून पाणी झिरपतं. मला कान नाहीत. पण बोलणं असो की हातोडीचा ठोका, शेवटी सगळी थरथरच असते आणि थरथर लोखंडाला कळते. म्हणून माझ्याभोवती जे घडलं ते मला ठाऊक आहे.

मला कुठल्या कारखान्यात बनवलं नाही. या गाळ्याचे मालक भीमराव, त्यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. उल्हासनगरला मुकेश नावाच्या सिंधी व्यापाऱ्याचं दुकान आहे. पुढे नवी हत्यारं, मागे भंगार. तिथून त्यांनी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणला, तो माझा पाय झाला. चार इंची पाइप माझा कणा झाला. वर आठ मिलिमीटर जाडीची प्लेट. वेल्डिंग करण्याआधी त्यांनी आपल्या मुलीला बोलावलं. शीला मशिनिस्टचा कोर्स करून चिखलोलीजवळच्या एका कंपनीत होती. ती नोकरी सोडून ती वडिलांच्या गाळ्यात आली होती.

"सरळ उभी राहा. कोपर वाकव."

"पप्पा, ब्लाउजचं माप घेताय का?"

"दात काढू नको. स्टँड तुझ्या मापाचा करतोय. मी असा किती दिवस उभा राहणार?"

तिच्या कोपराच्या चार बोटं खाली त्यांनी पाइपवर खडूची रेघ मारली आणि तिथेच मला कापलं. मित्रांनो, कुणाच्या तरी शरीराच्या मापाने आपण घडलो, याचा मला फार अभिमान वाटला.

हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर माझ्यावर बसला आणि कामाला सुरुवात झाली. मोटर मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घ्यायची. रोज सकाळी मोटर सुरू करून भीमराव माझ्या प्लेटवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. एकदा त्यांनी तसंच उभं राहून सांगितलं, "डावीकडचं बेअरिंग चाललंय." उघडून पाहिलं तर खरंच त्याच्या गोळ्या झिजल्या होत्या. शीला सगळ्यांना सांगायची, "पप्पांचा हात म्हणजे डॉक्टरची नळी आहे."

हात का ठेवतात, ते मात्र कुणी विचारलं नाही. मला ते कळलं होतं. आधी बत्तीस वर्षं एका कंपनीत पॉवर प्रेसच्या दणदणाटाशेजारी काम करून त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखायचे. त्यांचे मित्र शंकरराव ऐकण्याच्या तपासणीत नापास झाले, तेव्हा कंपनीने त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून शंकरराव चाळीच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ विचारत असत. भीमरावांना त्या पायरीची भीती होती.

माझ्यात एक खोट होती. पाइप पोकळ असल्यामुळे मी घुमायचो.

"पप्पा, हा नाचतो हो. लेथच्या टूलला धार सरळ बसत नाही," शीला एक दिवस म्हणाली.

भीमरावांनी वाळू आणली. ती चाळली, घमेल्यात कोरडी होईपर्यंत भाजली. कारण ओलसर वाळू पाइपमध्ये बंद करून वर वेल्डिंग केलं, तर वाफ कोंडून पाइप फुटू शकतो. इतका जपून काम करणारा माणूस तो. वाळू ठोकून ठोकून भरली आणि माझं तोंड बंद केलं. माझी थरथर थांबली. मुकेश दुकानाचा माल घेऊन आला, तेव्हा त्याने मला ढकलून पाहिलं.

"साईं, ये तो मंदिर का खंभा बनाया तुमने! पैसे घेऊन मला पण एक द्या ना."

"तुझ्या कोपराचं माप कोण घेणार? आधी पोट मध्ये येईल," भीमराव म्हणाले, आणि तिघंही हसले.

त्या कौतुकात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. भीमरावांच्या तळहाताला जे काही कळत होतं, ते माझ्या थरथरण्यातून कळत होतं. वाळूने ती गिळून टाकली होती; मला आतून सगळं कळायचं, पण त्यांच्या हातापर्यंत पोहोचत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ग्राइंडरचा दगड झिजला. भीमराव मुकेशकडून नवा घेऊन आले. येताना विठ्ठलवाडीला रिक्षाने गचका दिला आणि पिशवी रस्त्यावर पडली. गाळ्यात येऊन त्यांनी दगड चहूबाजूंनी पाहिला. भेग दिसली नाही. पण मित्रांनो, दगडाची आतली भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो बोटावर टांगून लाकडी मुठीने वाजवतात. अखंड दगड टणकन वाजतो, तडकलेला बद्द वाजतो.

भीमरावांनी माझ्या प्लेटवर कोपर टेकून दगड वाजवला. ठोका त्यांच्या हाडांतून माझ्यापर्यंत आला. बद्द.

पलीकडे शीलाची लेथ चालू होती. त्या आवाजात तिला तो ठोका ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने वळून विचारलं, "पप्पा, वाजवून बघितला?"

त्यांनी तिचे ओठ पाहिले. "बघितला. टणटणीत आहे."

दगड बसवून त्यांनी मोटर सुरू केली आणि नेहमीसारखा तळहात ठेवला. मी मंदिराच्या खांबासारखा स्थिर होतो. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

शीलाला एकच टूल घासायचं होतं. दगडासमोरची काच दोन महिन्यांपूर्वी फुटली होती. गॉगल खिळ्याला होता. ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचं कोपर अगदी बरोबर उंचीवर आलं. तिने टूल टेकवलं आणि दगड फुटला.

तिचा डावा डोळा गेला.

तीन आठवड्यांनी ती डोळ्यावर पट्टी बांधून गाळ्यात आली. तिने मुकेशला बोलावून घेतलं होतं.

"मुकेशभाऊ, तडकलेला दगड विकलात तुम्ही."

"बेटी, झुलेलाल की कसम, काउंटरवर वाजवून दिला मी. तुझे पप्पा समोर होते. घंटी जैसा वाजला."

"मग घंटी फुटली कशी?"

मुकेशचा चेहरा पडला. भीमराव दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होते. मग ते म्हणाले, "त्याला बोलू नको. पिशवी रिक्षातून पडली होती. इथे येऊन मी दगड वाजवला, पण... मला ऐकू येत नाही, शीला. सात वर्षं झाली."

शीला वळली. भीमरावांकडे पाठ करून तिने माझी प्लेट दोन्ही हातांनी धरली. तिचा शब्द न् शब्द माझ्यात उतरला.

"मला माहीत होतं, पप्पा. टीव्हीचा आवाज बंद असला तरी तुम्ही बातम्या बघत बसायचात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मी लेथ बंद करून स्वतः दगड वाजवायला हवा होता."

भीमरावांना तिचे ओठ दिसत नव्हते. त्यांनी मुकेशला विचारलं, "काय म्हणाली?"

मुकेशने जमिनीकडे पाहिलं. "कुछ नहीं, साईं."

त्याच दिवशी बोल्ट काढून मला बाहेर ठेवलं. भीमराव आता गाळ्यात येत नाहीत. शीला येते. उजव्या डोळ्याने माप घेते, दोन दोनदा तपासते. माझ्याजवळून जाताना थांबत नाही.

मित्रांनो, यंत्रासमोरची काच फुटली तर त्याच दिवशी नवी लावा. एकच टूल घासायचं असलं तरी गॉगल घाला. एवढं तर कुठलाही स्टँड तुम्हाला सांगेल. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, हात कापत असतील आणि ते माणूस लपवत असेल, तर मन राखायला गप्प बसू नका. त्याच्या समोर उभे राहा, तुमचे ओठ त्याला दिसू द्या, आणि सांगा.