नदीचे डोळे

वैशाख होता, पण वैशाखाला वैशाख म्हणणारे तेव्हा कुणी नव्हते. होती ती नुसती आग. श्वेतवर्णी, निःशब्द, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली. नदीचे पात्र वाळून खडखडीत झाले होते आणि त्या रजतधवल वाळूवर उन्हाच्याच लाटा उठत होत्या.

काठच्या झुडपात सावरी पालथी पडली होती. अंगाला हत्तीचे शेण फासलेले, पाठीशी तान्ही लेक बांधलेली. लेक कालपासून रडली नव्हती. रडायलाही ओल लागते, आणि सावरीचे दूध आटत चालले होते.

तिचे काम एकच होते. हत्तीणीने मान खाली घातली की तित्तिरासारखी शीळ घालायची. मग मागे दडलेले सहा भालेवाले धावून येणार.

टोळीची रीत अशी की पहिला भाला कळपाच्या म्हातारीला. म्हातारी पडली की बाकीचे पळत नसत. सोंडांनी तिला कुरवाळत, उठवू पाहत, भोवती उभे राहत. आणि उभ्या उभ्या मरत. किती सोपी रीत! चार उन्हाळ्यांत अख्खा कळप टोळीच्या पोटात गेला. उरली होती ही एकटी.

ती आली. पर्वतप्राय, धूलिधूसर, मंदगामिनी. पात्राच्या मध्यावर थांबली, वाळू हुंगली. मग पुढच्या पायाने उकरू लागली, सोंडेने वाळू दूर लोटू लागली. संथपणे, सवयीने, घरचे काम करावे तशी. खड्डा खोल खोल होत गेला. आणि त्याच्या तळाशी काळेभोर, थंडगार पाणी हळूच वर आले.

शीळ घालायला जुळवलेले ओठ सावरीने मिटले.

टोळीत सगळे म्हणत, उन्हाळ्यात लेकरांसाठी नदी आपणहून डोळे उघडते. वाळूतल्या त्या जलनेत्रांना हात जोडून, ओंजळ भरभरून ती लहानपणापासून प्यायली होती. पूर्वी पात्रभर डोळे असत. गेल्या वर्षी तीन होते. यंदा टोळीला एकही सापडला नव्हता; नदी रुसली, असे म्हातारी माणसे म्हणत. नदी कुठली रुसते! आपणच तिचे एकेक डोळे भाजून खाल्ले होते, बोटे चाटत चाटत.

सावरीला भीती वाटली. वाघाची वाटते तशी ही भीती नव्हती. वाघापासून पळता तरी येते. ती शीळ न घालताच मागे सरपटत आली.

“मामा,” ती कुजबुजली, “डोळे नदी उघडत नाही. ही उघडते. मी आत्ता पाहिलं. हिला मारू नका.”

खैरा टोळीचा म्होरक्या, तिच्या आईचा भाऊ. तिला मांसाचा पहिला घास त्यानेच भरवला होता. तो हसला. “नदी काय हत्तीणीची मिंधी आहे होय गं? उन्हानं डोकं फिरलंय तुझं. तीन दिवस झाले, पोरांच्या पोटात अन्न नाही.”

“आणि पाणी? माझ्या लेकीकडं बघा तरी, मामा!”

त्याने बघितले. क्षणभर तोही भ्याला. सावरीने ते स्वच्छ पाहिले. मग त्याने नजर वळवली आणि शीळ स्वतःच घातली.

सहा भाले गेले. हत्तीण पळाली नाही. भोवती उभे राहायला तिचे कुणी उरले नव्हते. ती स्वतःभोवतीच फिरली, एकदा, दोनदा, आणि आपण उकरलेल्या खड्ड्यावर आडवी झाली. काळे पाणी लाल झाले, मग दिसेनासे झाले. भालेवाल्यांनी आरोळ्या ठोकल्या.

मांसावर दगडी पाती चालू लागली. सावरी मात्र बाजूला बसून वाळू उकरू लागली. आधी बोटांनी, मग शिंपल्याने. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. वाळू दमट लागे, ओली लागेना. आणि माणसाचा हात तो केवढा! काठ ढासळत, खड्डा बुजे, ती पुन्हा उकरी. लेकीचा श्वास मानेला अजून लागत होता, उथळ, उष्ण.

ऊन कलले, तशी वाळूवर सावली पडली. सावरीने मान वर केली.

हरणे आली होती. रानडुकरे आली होती. पिसारा फरफटवत मोर, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशी एक नीलगाय. हत्तीण पिऊन गेली की रोज याच वेळी आपापल्या पाळीने ती येत असावीत. रक्ताचा दर्प होता, माणसे होती, भाले होते. तरी कुणी बुजले नाही. सारी अर्धवर्तुळात उभी राहिली, सावरीच्या हातांकडे बघत.

खैराच्या हातातले पाते थांबले. भाला उचलायचे कुणाला सुचले नाही.

एक पाडस पुढे आले. त्याने सावरीजवळची वाळू हुंगली, आणि पाणी कधी येणार म्हणून तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. सावरी उकरत राहिली, उकरत राहिली. आणि काठावरून वाळू येत राहिली, शुभ्र, कोरडी, कणाकणाने, पुन्हा, पुन्हा.