एक ओहोटी जाऊ दे

वरसाव्याच्या पुलाजवळ बाइकवरून पडून भाईंदरजवळच्या राई गावच्या रघू पाटलाचं डोकं फुटलं, आणि डॉक्टरांनी ते असं शिवलं की बाहेरून शिवण दिसेना. आतला ब्रेक मात्र सैल झाला. ऐकलेलं अर्धा तास डोक्यात टिकेना, आणि कोणी काही विकायला आलं की तोंडातून "नको" निघेना. एका महिन्यात घरात चार मिक्सर, एक ट्रेडमिल आणि वरातीतली एक म्हातारी घोडी आली. घोडी रोज सकाळी ट्रेडमिलवर चालायची, असं अर्धं भाईंदर आजही शपथेवर सांगतं.

शेवटी बायको मंजुळा पदर खोचून उभी राहिली. "अपघाताच्या भरपाईचे अठरा लाख तुमच्या नावावर हायत. पासबुक तुमच्याच खिशात ठेवा. पण आता एक जरी घोळ घातलात, तर ते माझ्या कपाटात आणि चावी माझ्या कमरेला."

रघूने खिशातलं पासबुक चाचपलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चहाचे दहा रुपये बायकोकडे मागायचे? त्यापेक्षा घोडीची लाथ बरी.

सकाळचा नाश्ता विसरणाऱ्या त्या डोक्यात बापाचं मिठागर मात्र जसंच्या तसं होतं. बाप मिठाचा सौदा कधी बसल्या बैठकीला करत नसे. व्यापारी कितीही नाचो, "एक ओहोटी जाऊ दे," म्हणायचा. रघूने वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पाचशेच्या वर काहीही असो, एक ओहोटी जाऊ दे. समोरचा बोलेल ते लिही.'

आठवड्याभरात चुलत पुतण्या भूपेश आला. रघू खाडीच्या बांधावर एकटाच बसलेला पाहून त्याला गुदगुल्याच झाल्या.

"काका, डोंगरातले प्लॉट हायत. अठरा लाख टाका, दोन वर्षांत छत्तीस. मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा. बस्स!"

रघूचा हात मोबाइलकडे गेलाच होता. मांडीवरची वही घसरली म्हणून पान दिसलं.

"एक ओहोटी जाऊ दे रे."

"प्लॉटचा आणि खाडीचा काय संबंध, काका?"

"माझा हाय."

भूपेशही राईचाच, भरती-ओहोटी त्याला कळायची. त्याने मोबाइलवर ओहोटीची वेळ पाहिली. पाणी उतरायला अजून तीन तास! पण उठून गेलो आणि तेवढ्यात काकी आली तर? त्याने रुमाल अंथरला आणि बसला. इथंच तो फसला.

अर्ध्या तासाने रघू वळून म्हणाला, "अरे भूपेश! कधी आलास? काय काम काढलंस?"

भूपेशने पुन्हा सगळं सांगितलं. रघूने पुन्हा लिहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा, "अरे भूपेश!" पहिल्या तीन वेळा रघू खरंच विसरला होता. चौथ्यांदा मात्र त्याला मजा यायला लागली होती. भूपेशच्या घशाला कोरड पडली, डोक्यात ऊन गेलं. सहाव्या वेळी प्लॉटवर हेलिकॉप्टर उतरायला लागलं.

पाणी उतरलं. रघूने वही उघडून खड्या आवाजात वाचलं. "दोन वर्षांत दुप्पट. तीन वर्षांत दुप्पट. दीड वर्षात तिप्पट. सातबारा तयार हाय. सातबारा पुढच्या महिन्यात. सातबारा लागतच न्हाय." त्याने मान वर केली. "यातला खरा भूपेश कुठला रं?"

भूपेश रस्त्याकडे वळला, तर समोर मंजुळा. तो चिखलातून पळाला. एक बूट खाडीने ठेवून घेतला. त्यात अजून खेकडे भाड्याने राहतात म्हणे.

मंजुळाने वहीची सहाही पानं उभ्या उभ्या वाचली. पासबुकाचं नाव काढलं नाही. शेजारी बसली. वही त्याच्या हातात परत देत म्हणाली, "आपल्या बिल्डिंगसमोरची हंसाबेन नवीन भिशी काढतेय. महिना दोन हजार. लई गोड बोलते. तिला पण बसवता का इथं?"

"पाठव उद्या," रघू वहीत लिहीत म्हणाला. "पण छत्री घेऊन ये म्हणावं. मला विसरायला वेळ लागतो."