मालकाची बाज

दौंडच्या स्टेशनामागच्या गल्लीत त्या फाल्गुनात एकच विषय होता, मुक्कामपट्टी. घरात पैसे घेऊन उतारू ठेवणाऱ्यांवर गावानं नवी पट्टी बसवली होती. घरची माणसं झोपतात त्या बाजा सोडून आणखी चार असतील तर घर ते घरच. पाचवी निघाली की त्या घराचं लॉज होणार. मग पट्टी आली, परवाना आला, दारावर पाटी आली आणि उतारूंसाठी वेगळं न्हाणीघर बांधणंही आलं. दोन खोल्यांच्या घरात न्हाणीघर बांधायचं कुठं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

"उद्या घोरण्यावर बी पट्टी लावतील," समोरच्या सोजराबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या एकट्याच्या घोरण्यात गावाचा रस्ता हुईल."

हेलनला हसू आलं. बाबा गेल्यापासून या घरात ती पहिल्यांदाच हसली होती, आणि हसल्याबरोबर तिनं आईकडं पाहिलं. राहेलबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याही ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण नजर सुपातून वर आली नाही.

बाबा, म्हणजे येशुदास, रेल्वेत सांधेवाले होते. नोकरी संपल्यावर त्यांनी घराच्या दोन्ही खोल्यांत दोन-दोन बाजा टाकल्या आणि मनमाडकडची गाडी चुकलेल्या माणसांना जागा द्यायला सुरुवात केली. राहेलबाई स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरूण घालत. पाचवी बाज ओसरीवर, अगदी दाराला लागून. ती त्यांची स्वतःची. गाडी कुठल्याही वेळी आली तरी उतारूला दार वाजवावं लागू नये, म्हणून ते तिथं झोपत. माणूस ओसरीच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत ते उठून बसलेले असत. "या, जागा आहे," हे म्हणायचं आधी. जागा खरोखर आहे का, हे बघायचं नंतर. नसली तर स्वतःची बाज द्यायची आणि आपण खाली पोतं टाकून पडायचं. त्या बाजेचं भाडं मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. कुणी पुढं केलंच तर म्हणत, "तिचं भाडं मीच भरत नाही, तुमच्याकडून काय घेऊ?"

नाताळानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. हेलन शिरूरला मुलींच्या शाळेत शिकवत होती. मातीला आली, परत गेली, आणि आता रजा टाकून आईला न्यायला आली होती. आई शिरूरला येईल, दोघी मिळून राहतील, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यात या पट्टीची भर पडली, आणि हेलनला ती, खरं सांगायचं तर, देवानंच धाडल्यासारखी वाटली.

पण एक सोपी वाट होती, आणि ती गल्लीत सगळ्यांना दिसत होती. ओसरीवरची बाज काढली की उरल्या चार. पट्टी नाही, परवाना नाही.

"ती बाज मी शिरूरला नेते," हेलन म्हणाली होती; बाज गेली की मागोमाग आईही येईल, असा तिचा हिशेब. "एसटीच्या टपावर टाकते. माझ्या खोलीत राहील."

"आन् दाराशी?"

"दाराशी काय?"

"दाराशी कोण असल मग?" राहेलबाई म्हणाल्या. "दाराशी माणूस न्हाई ते मुक्कामाचं घर कसलं?"

"पण आई, आत्ता तरी कुठं कोण आहे?"

हेलनला आपण हे बोलायला नको होतं असं झालं. बाज होती तिथंच होती. सुंभ सैल पडला होता आणि मधोमध बाबांच्या अंगाएवढा खळगा होता, उजव्या बाजूला जरा जास्त, कारण ते उजव्या कुशीवर झोपत. दर रविवारी ख्रिस्ती देवळातून आलं की ते घरातल्या सगळ्या बाजांच्या दोऱ्या ओढून ताठ करत. आतल्या चार बाजा राहेलबाईंनी एकटीनं कशाबशा ओढल्या होत्या. या पाचवीच्या दोरीला त्यांनी हात लावला नव्हता. संध्याकाळी त्या उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसत, तिच्यावर बसत नसत. उतारू येत, ओसरीवर ती रिकामी, खचलेली बाज बघत, हे घर बंद पडलंय असं समजून पुढं समोर सोजराबाईंकडं जात; त्याही उतारू ठेवत. सोजराबाई प्रत्येक वेळी त्यांना हाताला धरून परत आणत. "इकडं न्हाई, तिकडं जा. वैनी हायेत घरात," असं म्हणत. पण त्या तरी किती दिवस आणणार?

गुरुवारी बाजा मोजायला मच्छिंद्र येणार असं कळलं. हा खुटबावचा पोरगा, नवाच कारकून झालेला, डोक्याला तेल, अंगात इस्त्रीचा शर्ट. सोजराबाईंच्या नवऱ्यानं, हरिबांनी, त्याच्यासाठी एक युक्ती काढून ठेवली होती. वाळवण घातलेली बाज ही बाज नसते, ती वाळवणाची जागा असते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं गुरुवारी उजाडताच सोजराबाईंच्या अंगणात सात बाजा उन्हात आल्या आणि सातही कुरडयांनी भरून गेल्या. बाई आदल्या दिवसापासून चीक शिजवत होत्या. हात भाजले होते.

मच्छिंद्र आला. त्यानं अंगणात एक फेरी मारली, एक ओली कुरडई तोंडात टाकली.

"झ्याक झाल्यात, काकी."

"खा की आणखी. घरच्याच हायेत."

"वाळवण सांजच्याला उचलणार ना?"

"व्हय तर. दव पडतं."

"मग रातच्याला हितं काय असतंय?"

सोजराबाईंनी हरिबांकडं बघितलं. हरिबा आभाळाकडं बघत होते. "मी म्हणलं नव्हतं?" बाई कडाडल्या. "माझे हात भाजून घेतलेत ह्या माणसानं! लिव बाबा, सातच्या सात लिव. आन् ह्यांना बी धर त्यात, आठवे!"

गल्लीभर हशा पिकला. तसाच हसत मच्छिंद्र रस्ता ओलांडून इकडं आला. ओसरीच्या पायरीशी मात्र त्यानं चपला काढल्या आणि हसू आवरलं.

"मावशी, आत बघू का?"

त्यानं दोन्ही खोल्या पाहिल्या. चार. बाहेर आला आणि दाराजवळ थांबला.

"आन् ही?"

राहेलबाई बाजेजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मला म्हाईत हाय म्हणा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मामांची. पण ते ही बी द्यायचे की उतारूला."

"द्यायचे," राहेलबाई म्हणाल्या. "भाडं घ्येत नव्हते तिचं."

"ते बी ऐकलंय. पर आता हिच्यावर कोण झोपतंय?"

"कुणी न्हाई."

"मग अवघड हाय, मावशी. घरच्या माणसाची नसंल ती भाड्याची धरायची, असं आम्हाला सांगितलंय. आन् ही तर बघा, पार खचलीया. कुणी झोपत असंल असं मी म्हणलो तरी साहेब मानायचे न्हाईत."

हेलन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं एवढंच म्हणायचं होतं, हो, भाड्याचीच. ते अगदी खोटंही झालं नसतं. पाचवी बाज, न्हाणीघर, पाटी. आईच्यानं ते झालं नसतं, आणि चार दिवसांत दोघी शिरूरच्या एसटीत असत्या. शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिनं आईकडं पाहिलं. राहेलबाई मच्छिंद्रकडं पाहत नव्हत्या, तिच्याकडंही नाही. त्या बाजेतल्या खळग्याकडं पाहत होत्या. गाडी सुटायच्या आधी माणूस खिडकीतल्या माणसाकडं बघतं तशा.

हेलननं शब्द गिळला.

"हेलन," आई म्हणाली, "ये. धर त्या अंगानं."

"काय?"

"दोरी. एकटीला वढवत न्हाई ही. ह्यांचा हात लई घट्ट होता."

राहेलबाईंनी पायथ्याची गाठ सोडली. हेलननं लुगड्याचा काष्टा घट्ट करावा तसा पदर खोचला, लाकडाला पाय लावला आणि ओढलं. आई एकेक पेड पुढं सरकवत होती, ती ओढत होती. सुंभ तळहाताला कापत होता. मच्छिंद्र पुढं झाला तशा राहेलबाई म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे. तुझं काम मोजायचं." मधला खळगा हळूहळू वर आला. उजवी बाजू शेवटपर्यंत राहिली होती. मग तीही वर आली, आणि बाज सपाट झाली, कुठल्याही घरातल्या बाजेसारखी.

राहेलबाईंनी गाठ मारली. आत जाऊन स्वतःची वाकळ आणली, अंथरली, हातानं सारखी केली. मग त्या बाजेवर बसल्या. आधी कडेला, मग पाय वर घेऊन.

"ही मालकाची," त्या म्हणाल्या.

मच्छिंद्रनं विचारावं की नाही असं केलं. "मालक म्हंजी..."

"मी."

"बरं, मावशी," तो म्हणाला. "मग चारच."

तो गेला. समोर सोजराबाई अजून हरिबांना ऐकवत होत्या. हेलन खाली पायरीवर बसली. तळहातावर लाल वळ उठले होते, सुंभाचे बारीक धागे चिकटले होते. ती एकेक धागा काढत राहिली. बराच वेळ तिला वर बघता येईना.

"दुखतंय?" आईनं विचारलं.

"नाही."

"तुझी रजा रविवारपर्यंत हाय न्हवं?"

"हो."

"मग जा वेळेवर. पोरींच्या परीक्षा आल्या आसतील." राहेलबाईंनी बाजेच्या कडेवर हात दाबून पाहिला. "आता ताठ वाटती, पण सैल पडंल परत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलीस की पुन्हा वढू."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा बोचकं सावरत दिसला. पायरीशी येऊन, वर पाय ठेवावा की नाही, अशा विचारात तो थांबला. राहेलबाई आधीच सरसावून बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "जागा आहे."