दोन स्पीकरांच्या मधे

नवे स्पीकर भिंतीला टेकलेले होते, म्हणून आवाज नुसता घुमत होता. त्या दुपारी योगराजने ते हातभर पुढे ओढले, खुर्चीकडे किंचित वळवले आणि नवेगाव बांधच्या गोपीचंदकाकांचं रेकॉर्डिंग लावलं. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. गाणं एकदम जिवंत झालं. जणू काका समोरच बसून गात होते. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. योगराजच्या अंगावर काटा आला.

त्याची बायको सत्यभामा चहा घेऊन आली आणि स्पीकरांच्या मधे थबकली. "काका, जरा सरका जी," म्हणत ती रिकाम्या जागेला वळसा घालून पुढे आली.

योगराजने घाईघाईने बटण बंद केलं.

"बंद कायले केलं?" ती म्हणाली. "थे त अजून गाऊन राह्यले."

योगराजने कान दिला. त्याला फक्त पंखा ऐकू आला.