सॉकेटातली एक पिन

मदरबोर्ड येऊन नऊ दिवस झाले, तरी रमाकांत गुप्त्यांचा लेख तयार नव्हता. एरवी चार दिवसांत काम हातावेगळं करणारा माणूस. पण अडीच महिन्यांपूर्वी बायको गेली, नीरजा, आणि तेव्हापासून प्रत्येक काम जड झालं होतं. आंघोळसुद्धा.

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते कंपन्यांनी पाठवलेले कॉम्प्युटरचे महागडे भाग तपासून ध्रुवच्या वेबसाइटवर लिहीत. ध्रुव त्यांच्याच कारेलीबागेतल्या सोसायटीत वाढलेला, मराठीत गुजराती 'ने' मिसळणारा. वाचणारे सगळे हौशी, आपलं मशीन आपण जोडणारे. काकांचं मत वाचल्याशिवाय पाऊण लाखाच्या बोर्डाला ते हात लावत नसत.

या बोर्डाची वीज सांभाळणारी बाजू दणकट होती. तासभर पूर्ण ताण देऊनही तापमान साठ अंशांच्या आत. पण मेमरीच्या चार खाचांपैकी दोन मेलेल्या. रॅम अदलून बदलून पाहिली, बायोस नवा केला. फरक शून्य.

"एवढी मोठी कंपनी ने दोन स्लॉट बंद?" ध्रुव फोनवर खूश झाला. "काका, हा लेख धुमाकूळ घालेल. आजच द्या!"

"थांब रे. सॉकेट बघायचं राहिलंय."

"ते तर तुम्ही सगळ्यात आधी बघता ने?"

रमाकांतांनी फोन ठेवला.

आधी तेच बघायचं, हे खरं. प्रोसेसर बसवण्यापूर्वी नीरजा टॉर्च धरायची आणि त्याच्या बारीक पिनांच्या बैठकीचा, म्हणजे सॉकेटाचा, फोटो काढून ठेवायची. पुढे पिन वाकलेली निघाली, तर ती तशीच आली की आपण वाकवली, हे फोटो सांगायचा. "श्वास रोखा, ऑपरेशन चाललंय," असं म्हणून स्वतःच हसायची आणि उजेड हलायचा. अकरा वर्षं हे चाललं. या वेळी फोटो नव्हता.

त्यांनी भिंग घेतलं, प्रोसेसर उचलला. केसासारख्या पिनांच्या रांगेत एक आडवी झुकली होती. मग आठवलं. एका हातात मोबाइलचा उजेड, दुसऱ्यात प्रोसेसर, आणि त्याचा कोपरा टेकून जरासा घसरला होता. तेव्हा वाटलं, काही झालं नसेल. खरं म्हणजे बघायचा कंटाळा आला होता.

शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी पिन उचलली. तिसऱ्या प्रयत्नात सरळ झाली. चारही खाचा जिवंत झाल्या. आनंद काही झाला नाही. सगळ्या चाचण्या त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतल्या.

दोन दिवसांनी लेख पाठवला. दहा मिनिटांत फोन.

"काका, 'पिन माझ्या हातून वाकली', असं कोणी लिहितं का? फोटो नाही म्हणजे पुरावा नाही. तशीच आली असेल."

"नाही. माझा हात घसरला."

"पण आता चालतोय ने? वाक्य गाळून टाकू. कंपनीनं वाचलं तर पुढचा बोर्ड पाठवतील का? मग दिवसभर करणार काय तुम्ही?" बोलून गेल्यावर ध्रुव ओशाळला. "म्हणजे... तसं नव्हतं म्हणायचं, काका."

"बरोबरच बोललास." रमाकांतांचा आवाज थकलेला होता, पण चढला नाही. "अरे, घरी बोर्ड जोडणाऱ्याच्याही दोन खाचा अशाच बंद पडतील. तो कंपनीला शिव्या देत बसेल. त्याला कळायला नको? वाक्य काढणार असशील तर खालचं माझं नावही काढ."

"तुम्ही पण हट्टी आहात. नीरजाकाकूंनी समजावलं असतं तुम्हाला."

"तिनं ते वाक्य सगळ्यात वर घालायला लावलं असतं."

ध्रुव हसला. "बरं बाबा, ठेवतो."

लेख झळकल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची मेल आली. दोनच ओळी. बोर्ड परत हवा, आजच कुरिअरवाला पाठवतो. पुढच्या महिन्यात दुसरा येणार होता, त्याबद्दल अक्षर नाही.

रमाकांतांनी सॉकेटावर झाकण बसवलं, बोर्ड पिशवीत घातला, पिशवी खोक्यात. चिकटपट्टी नीट दाबली. टेबल पुसलं. कुरिअरवाला चारला येणार होता. आत्ता कुठे अकरा वाजत होते.