झाकणाच्या चकतीने धरलेले

माती किती विष धरून ठेवते, हे आमच्या प्रयोगशाळेत दोन तऱ्हांनी मोजतात. माझी पद्धत बाटलीची. माती आणि दूषित पाणी बाटलीत घालून दिवसभर यंत्रावर हलवायचं. पाण्यातून जेवढं विष कमी झालं, तेवढं मातीने धरलं. दुसरी पद्धत नळीची. नळीत माती भरून वरून पाणी सोडायचं आणि खाली काय उतरतं ते मोजायचं. ती करणाऱ्या सहकारी बाईंना सगळे नळीबाई म्हणतात. मला काय म्हणतात, ते मी विचारलेलं नाही.

रंगाच्या बंद कारखान्याखालची माती तपासायला आली. उताराला एक विहीर आहे, दोन वर्षं सील केलेली. मातीने विष धरलं, तर ती उघडणार. माझी थोरली बहीण तिथेच राहते.

माझ्या बाटल्या म्हणाल्या, शंभरातलं नव्वद धरलं. नळी म्हणाली, चाळीस.

"तुमची नळी गळत असेल," मी म्हणालो.

"सर, कोरी बाटली लावलीत? माती न घालता, नुसत्या दूषित पाण्याची?"

"कोरी बाटली शिकाऊ लोक लावतात. मी बारा वर्षं हेच करतोय."

हे मी दोन साक्षीदारांसमोर, ठणकावून बोललो. त्याच तोऱ्यात ताईला फोनवर सांगून टाकलं, "विहीर उघडलीच समज."

मग नळीबाईंचं तोंड बंद करायला कोरी बाटली लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यातलंही निम्मं विष गायब होतं. आत मातीचा कण नव्हता. झाकणाच्या आतल्या रबरी चकतीने ते शोषून घेतलं होतं. बारा वर्षं मी रबर मोजत होतो आणि अहवालात माती लिहीत होतो.

"सर, रबराचे तज्ज्ञ आहात तुम्ही," नळीबाई म्हणाल्या. अहवालात त्यांचा आकडा गेला. खाली सही माझी.

ताईला फोन केला. "विहीर बंदच राहणार, ताई."

"काल तर उघडलीस!"

"काल मी चुकलो होतो."

"दोन वर्षं टँकरच्या रांगेत उभी आहे रे मी. आणि आज बरोबर आहेस कशावरून?"

"आज आकडा दुसऱ्यांचा आहे."

"मग त्यांनाच दे फोन."

मी दिला. त्या बोलत होत्या, तोवर मी कपाटातून बारा वर्षांचे अहवाल खाली उतरवायला घेतले.