तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

या, असे पुढे सरकून बसा. मागचा बाक धरून ठेवायची आपल्या लोकांची खोड देवालाही ठाऊक आहे, पण आज पुढे या. प्रार्थना झाली, तळघरात कॉफी अजून उकळते आहे. तेवढ्या वेळात तुम्हाला आर्डिस क्वामची आणि तिच्या नणंदेची गोष्ट सांगतो. गोष्ट अंधाराची आहे. ऐकता ऐकता कोटाची बटणं लावावीशी वाटली तर लावा, कोणी हसणार नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी आपल्या चर्चची मंडळी दरवर्षी सहलीला निघतात. सकाळी सफरचंदाच्या बागेत, दुपारी स्ट्रँडच्या गुहेत, मग फेरीबोटीने नदी ओलांडून पलीकडच्या गावात ॲपल पाय आणि कॉफी. त्या दिवसानंतर गुहा बंद होते. थंडीत वटवाघळं झोपतात, त्यांची झोप मोडू नये म्हणून गुहेचा मालक वेंडेल स्ट्रँड दाराला कुलूप घालतो ते थेट मे महिन्यात काढतो.

सहलीची सगळी जुळवाजुळव आर्डिसकडे असे. तिची नणंद हुल्डा म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. गुडघे गेलेले, हातात काठी, पण गळा असा की चर्चच्या खिडक्यांच्या काचा थरथराव्यात. हुल्डाचे वडील जुन्या काळचे फिरते उपदेशक. ते अर्धं प्रवचन बोलत आणि अर्धं गात. एक ओळ ते म्हणत, दुसरी लोकांनी म्हणायची. त्यातलं एक कडवं आपल्या मंडळीत अजून जिवंत आहे.

"कंदील विझला तरी गाय ओळखते हात," असं एकाने म्हणायचं.

"तसा ओळखतो तो आम्हां काळोखाच्या आत," असं बाकीच्यांनी.

गुहेच्या अगदी शेवटच्या दालनात वेंडेल दिवे घालवतो. डोळ्यापुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही असा तो काळोख. त्या काळोखात हुल्डाने पहिली ओळ उचलायची आणि आपण सगळ्यांनी दुसरी, ही आपली वर्षानुवर्षांची रीत.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. हुल्डाने कोट आर्डिसच्या गाडीतच काढून टाकला. उतरताना कंबर धरून म्हणाली, "परतताना मी पास्टरसाहेबांच्या गाडीत बसणार हो. तुझ्या गाडीच्या स्प्रिंगा माझ्या हाडांची चौकशी करतात."

"बस की. त्यांची बायको रस्ताभर औषधांची नावं सांगेल, ती ऐक," आर्डिस म्हणाली.

गुहेत निम्म्या वाटेवर एक लाकडी बाक आहे. तिथे हुल्डा टेकली ती उठेना.

"तुम्ही व्हा पुढे. मी बसते इथेच. येताना मला घेऊन चला."

"मी थांबते ना तुझ्यासोबत," आर्डिस म्हणाली.

"छे गं, माझ्यासाठी कशाला? जा तू."

"खरंच थांबू का?"

"नको म्हटलं ना. तिकडे गाणं कोण सांभाळणार? जा."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. कॉफी विचारली की पहिलं नको म्हणजे सभ्यपणा, दुसरं नको म्हणजे भीड. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस खरं काय ते बोलतो. आर्डिसच्या ओठांवर तिसरा प्रश्न आलाही होता. पण पुढून वेंडेलने हाक मारली, "चला चला, मंडळी, मागचे दिवे घालवतोय!" आणि ती वळली. त्याने भिंतीवरचा खटका दाबला. एकेका दालनातला उजेड मागे मागे विझत गेला. बाकावर कोणी बसलं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आर्डिस ओरडून सांगायला गेली नाही. सगळ्यांसमोर कशाला आरडाओरडा? दोन घटकांत परत यायचंच आहे.

शेवटच्या दालनात काळोख झाला. पहिली ओळ सेल्मा लुंडने उचलली, ती फार वरच्या पट्टीत. मंडळी कशीबशी तिच्या मागे गेली. आर्डिस गात होती, पण तिचं लक्ष मागच्या बाकाकडे होतं. दिवे लागल्यावर ती परतीच्या वाटेकडे वळणार, तोच वेंडेल अभिमानाने म्हणाला, "यंदा मागे फिरायचं नाही. डोंगराच्या पायथ्याला नवं दार फोडलंय. उन्हाळाभर तेच केलं."

मंडळी टाळ्या वाजवत नव्या दाराने उन्हात आली. वेंडेलच्या गड्यांनी गाड्या तिथेच आणून ठेवलेल्या. आर्डिस पळतच वेंडेलकडे गेली. तो नव्या दाराला कुलूप घालत होता.

"वेंडेल, जुन्या दाराकडून कोणी बाहेर आलं का?"

"मघाशी एक बाई वरून येताना दिसली खरी. का?"

तेवढ्यात पास्टर ओडेगार्डची गाडी रस्त्याला लागली. मागच्या काचेतून करडा रुमाल बांधलेलं एक डोकं दिसलं. हुल्डाचा रुमालही करडाच. म्हणजे कंटाळून ती आपली आपण वर चढून गेली आणि म्हटल्याप्रमाणे पास्टरच्या गाडीत बसली. तरीही एकदा जुन्या दाराशी जाऊन हाक मारावी, असं आर्डिसला वाटलं. पण सेल्मा आणि बर्निस तिच्या गाडीत बसून वाट बघत होत्या, वेंडेलला जुन्या दारालाही कुलूप घालून गाईंचं दूध काढायला जायची घाई होती. उगाच सगळ्यांना खोळंबून ठेवायचं, आणि हुल्डा तिकडे मऊ गादीवर बसलेली निघायची. आर्डिसने गाडी सुरू केली.

धक्क्याजवळ भोपळ्यांची गाडी उभी होती. तिथे त्या तिघींनी भोपळे घेतले, मागच्या सीटवर रचले. फेरीबोटीवर दोनच गाड्या मावतात, म्हणून पास्टर आधीच्या खेपेला गेले, या पुढच्या खेपेला. नदीवर धुकं उतरायला लागलं होतं.

पलीकडच्या गावातल्या खानावळीत मंडळी लांब टेबलाशी बसली होती. आर्डिसने दारातूनच विचारलं, "हुल्डा कुठाय?"

पास्टरांनी हातातला चमचा खाली ठेवला. "तुझ्या गाडीत ना?"

त्यांच्या बायकोने वर पाहिलं. करडा रुमाल तिच्याच डोक्याला होता.

आर्डिस बाहेर पळाली, गाडीचं दार उघडलं आणि भोपळे एकेक करून रस्त्यावर टाकायला लागली. तळाशी हुल्डाचा तपकिरी कोट होता. खिशात हातमोजे. म्हणजे बाई त्या गारठ्यात रविवारच्या पातळ पोशाखात बसली होती, अंधारात, कुलपाआड, आणि मे महिन्यापर्यंत तिथे कोणी जाणार नव्हतं.

पास्टरांनी खानावळीच्या भिंतीवरच्या फोनवरून स्ट्रँडच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. दूध काढायची वेळ होती. त्या वेळेला आपल्या खोऱ्यात घरातला फोन कोण उचलतं?

"पुलावरून जाऊ," पास्टर म्हणाले. "वळसा मोठा आहे, पण..."

"अंधार पडेल," आर्डिस म्हणाली आणि कोट छातीशी धरून धक्क्याकडे धावली.

फेरीबोटीचा एल्रॉय दोर बांधत होता. तिने सगळं सांगितलं, धापा टाकत. त्याने नदीकडे बोट दाखवलं. पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"आर्डिस, धुक्यात बोट काढायची नाही असा नियम आहे. आजची खेप संपली."

"बरं. नाही का जमणार?"

"नाही जमायचं. वाईट वाटतं गं, पण नाही."

"बरं," ती म्हणाली. "उगाच तुला त्रास दिला." आणि वळली. सवयच ती, पाय आपोआप वळतात. चार पावलं गेली. हातातल्या कोटाला हुल्डाच्या कापूर-लवंगांच्या गोळ्यांचा वास येत होता. तिचे पाय तिथेच रुतले.

ती परत फिरली. एल्रॉयच्या अगदी समोर उभी राहिली, त्याच्या हातातला दोर धरला.

"एल्रॉय, मी तिसऱ्यांदा विचारतेय."

त्याने तिच्याकडे बघितलं. आपल्या माणसांत हे शब्द कोणी असे उघड बोलत नाही, नुसतं विचारतात. एल्रॉयने खाली वाकून गाठ सोडली.

"पुढे उभी राहा आणि घंटा वाजवत राहा," तो म्हणाला. "आणि देवाला सांग, समोरून कोणी ओंडके घेऊन येऊ नये."

ती पुढच्या कठड्याशी उभी राहून घंटा वाजवत राहिली. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. एकदा बोटीच्या अंगाला काहीतरी घासून गेलं आणि एल्रॉयने जोरात शिवी हासडून लगेच देवाची माफी मागितली. आर्डिसला हसू आलं नाही. ती घंटा वाजवत होती आणि मनात एकच घोकत होती: बाकावरून उठू नकोस, हुल्डा. बाकापुढच्या वाटेने उतरू नकोस. त्या वाटेच्या उजव्या अंगाला कठडा संपतो आणि तिथे पाण्याचं डबकं आहे, खोल, काळं, तळाचा पत्ता नसलेलं.

एल्रॉयच्या ट्रकमधून ती स्ट्रँडच्या गोठ्यात पोहोचली. वेंडेल गाईच्या कुशीशी बसला होता. बातमी ऐकून त्याचा चेहरा समोरच्या दुधासारखा झाला.

"पण मी बाई बघितली ना वरून येताना!"

"ती दुसरी कोणीतरी. दिवे लाव, वेंडेल."

"वीज तोडलीय. हिवाळ्यासाठी तारच काढून ठेवली. जोडायला वेळ लागेल." त्याने खुंटीवरचा कंदील उतरवला. "चल."

जुनं दार उघडलं तशी आतून थंड हवा अंगावर आली. कंदिलाच्या उजेडात दोन पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. दोघं उतरत गेली. बाक आला.

बाक रिकामा होता. काठी खाली पडली होती.

"हुल्डा!" आर्डिस किंचाळली. गुहेने तो आवाज घेतला आणि चहूकडून परत फेकला. हुल्डा, हुल्डा, हुल्डा. त्यात उत्तर असलं तरी कळलं नसतं.

"हाका मारू नकोस," वेंडेल हळूच म्हणाला. "ऐक."

दोघं ऐकत राहिली. छताचं पाणी ठिबकत होतं. वेंडेलने कंदील खाली धरला तर ओल्या दगडावर बुटाचा माग होता, उताराकडे गेलेला. कठडा जिकडे संपतो तिकडेच. वेंडेल आर्डिसकडे बघेना.

मग आर्डिसने डोळे मिटले. तिने आयुष्यात कधी पहिली ओळ उचलली नव्हती. ती मंडळीतली बाई, दुसऱ्या ओळीची. तरी तिने खालच्या पट्टीत, अगदी हुल्डा धरायची त्या पट्टीत, सुरू केलं:

"कंदील विझला तरी गाय ओळखते हात..."

आणि थांबली. आवाज घुमून घुमून विरला. ठिबक, ठिबक. वेंडेलने टोपी काढली.

मग खालून कुठूनतरी, सुकलेल्या पानासारख्या आवाजात:

"...तसा ओळखतो तो आम्हां..."

आर्डिस धावली. वेंडेल मागून ओरडत होता, "हळू, कठडा धर!" उतारावरच्या शेवटच्या पायरीवर हुल्डा बसली होती, कठड्याच्या शेवटच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून. एक बूट पाण्यात जाऊन आला होता. ओठ निळे पडले होते.

"हाका मारत होते मी," आर्डिस रडत म्हणाली. "ओ का नाही दिलीस?"

"मला केव्हापासून हाका ऐकू येताहेत," हुल्डा म्हणाली. दात वाजत होते. "आईच्या, बापाच्या, तुझ्या नवऱ्याच्या. सगळ्या खोट्या. त्यांच्या मागे निघाले तर पाय पाण्यात. पण खोटी हाक पट्टी सांभाळून गात नाही." मग थांबून म्हणाली, "दुपारी तुमचं ऐकू आलं मला. मीही म्हटलं तुमच्याबरोबर. सेल्माने केवढी वर चढवली होती!"

आर्डिसने कोट उलगडला. "हा घाल."

"राहू दे गं. तूच किती गारठलीयस."

"घाल म्हणते ना."

"नको, खरंच."

वेंडेल कंदील धरून उभा होता. आर्डिस पायरीवर गुडघे टेकून बसली, नणंदेचा गार चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "हुल्डा, कोट हवाय ना तुला?"

हुल्डाचा चेहरा विस्कटला. इतक्या वेळात पहिल्यांदा ती रडली.

"हवाय," ती म्हणाली. "आणि तू थांबायलाही हवी होतीस."

"थांबते," आर्डिस म्हणाली, आणि वेंडेल वरून माणसं नि घोंगड्या घेऊन येईपर्यंत त्याच पायरीवर तिला कवटाळून बसून राहिली. कंदील दोघींच्या मध्ये होता.

हुल्डा त्यानंतर पुष्कळ वर्षं गायली, आणि शेवटी आपल्या अंथरुणात, आर्डिसचा हात हातात असताना गेली. आता कॉफीचा वास आला, खाली चला. पण जिने उतरताना एवढं करा. आज कोणी तुम्हाला दोनदा नको म्हटलं, तर त्या पायरीवर खांबाला मिठी मारून बसलेली हुल्डा क्वाम आठवा, आणि पुन्हा एकदा विचारा.